वार्तापत्राचे नवे रूप आणि दुरावलेला वाचक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वक्त्याने गतकाळाचे गोडवे गावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी आज वरकरणी रुक्ष वाटणाऱ्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. मंडळाचे मासिक वार्तापत्र आता ई-मेलने घरोघर जाते. ते पोचते, पण वाचले जात नाही, अशी कार्यकारिणीची खंत आहे. त्याचे रूप पालटून दुरावलेला वाचक पुन्हा जवळ कसा करावा, याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे.

प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. वार्तापत्र न वाचल्याने असे काय मोठे बिघडते? पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्यास काही बिघडत नाही. त्याला आप्तांच्या बातम्या दारातच कळतात. पण परमुलखात मंडळ हेच आपले गणगोत. कोणाच्या घरी बारसे आहे, कोण इस्पितळात आहे, कोणाचे वडील गेले, हे कळण्याचे दुसरे साधन बहुतेकांना नाही. एखाद्या जुन्या सभासदाच्या निधनाची वार्ता सणाच्या रंगीत तोरणाखाली, सातव्या मजकुराच्या तळाशी छापली गेली आणि शेजारच्या वसाहतीतील स्नेह्यांना ती तेराव्यानंतर कळली, तर त्या घराला जो एकटेपणा जाणवेल, त्याची भरपाई कोणत्याही सुवर्णमहोत्सवाने होणार नाही. म्हणून हा प्रश्न सजावटीचा नसून नात्याचा आहे, असे मी मानतो.

संस्थेच्या वार्तापत्राने वाचकाच्या मनात घर केल्याची उदाहरणे मराठीला नवी नाहीत. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. नावाप्रमाणे ते कारखान्याच्या खबरा देणारे पत्रक होते. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. नांगर आणि चरक यांच्या खबरांतून ते पत्रक वाढत गेले. पुढे नावातील ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ हे मासिक मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले, आणि त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ आले. यातील मर्म असे की, त्या पत्रकाने आपली दृष्टी मालाकडून माणसाकडे वळवली. चित्रे, मथळे, मांडणी यांची कसोटी ‘आम्हांस काय सांगायचे आहे’ ही न राहता ‘वाचणाऱ्यास कशाची गरज आहे’ ही झाली. रूप पालटणे म्हणजे हे. केवळ रंग बदलणे म्हणजे जुन्या भिंतीला चुना लावणे.

आता आपले वार्तापत्र ज्या दारातून आत जाते, ते दार कसे आहे ते पाहू. रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ई-मेल धाडला, तेव्हा त्या दारात गर्दी नव्हती. आज बँका, विमा कंपन्या आणि दुकाने यांची पत्रे तेथे रोज रांग लावतात. २०१३ साली जीमेलने येणाऱ्या पत्रांचे कप्पे पाडले. जाहिरातवजा दिसणारे पत्र तेव्हापासून आपोआप वेगळ्या कप्प्यात जाऊन पडते. जितकी चित्रे अधिक आणि जितकी भडक बटणे अधिक, तितके आपले पत्र वाचकाच्या डोळ्याला दुकानदाराच्या पत्रासारखे दिसणार. घरच्या माणसाने घरच्यासारखे दिसावे, ही म्हणूनच नव्या रूपाची पहिली अट.

दुसरी अट अक्षराची. मंडळांमध्ये आजही एक रीत दिसते : मजकूर जुन्या फाँटमध्ये जुळवायचा, आणि समोरच्या संगणकावर तो फाँट नसल्यास रोमन अक्षरांचा कचरा दिसतो म्हणून संपूर्ण पानाचे चित्र करून पाठवायचे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. या द्राविडी प्राणायामाचे कारण आता उरलेले नाही. चित्ररूप पान फोनच्या पडद्यावर मावते तेव्हा अक्षरे मुंगीएवढी होतात. काही ठिकाणी अनोळखी प्रेषकाची चित्रे मुळी दाखवलीच जात नाहीत, आणि वाचकापुढे कोरी चौकट उभी राहते. दृष्टी अधू झालेल्या सभासदाला मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणाही चित्रातील शब्दांपुढे मुकी होते. तेव्हा मजकूर मजकूर म्हणूनच जावा. चित्र असेल तेथे त्यात काय आहे ते सांगणारी एक ओळ जोडावी.

देवनागरीची ठेवण रोमनहून निराळी आहे. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा आणि रफार असतात. पायाशी उकार असतात. इंग्रजी पत्रासाठी बेतलेला साचा जसाच्या तसा घेतला तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. ज्येष्ठ सभासदांचा विचार करता अक्षर अठरा पिक्सेलचे असावे, दोन ओळींतील अंतर अक्षराच्या पावणेदोन पट असावे आणि रकाना एकच असावा, अशी माझी शिफारस आहे. शिवाय देवनागरीतील एक वर्ण साठवण्यास सामान्यतः तीन बाइट लागतात. रोमन अक्षराला एक पुरतो. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटांपेक्षा मोठे पत्र मध्येच कापून उरलेला भाग एका दुव्यामागे झाकतो. एरवी मजकुराला ही मर्यादा पुरेशी आहे. पण वर्डमधून उतरवून घेतलेल्या मजकुराबरोबर अदृश्य सजावटीचे ओझे येते आणि ते ही जागा खाऊन टाकते. कापला जातो तो शेवट, आणि निधनवार्ता तर आपण शेवटीच छापतो!

यावरून तिसरी अट ओघाने आली, ती क्रमाची. अध्यक्षांचे मनोगत, चिटणीसांचे निवेदन, देणगीदारांची यादी आणि मग माणसांच्या बातम्या, हा क्रम सभेच्या इतिवृत्तास शोभतो. वार्तापत्रात तो उलटा करावा. आधी माणसे : जन्म, विवाह, आजारपण, निधन, यश. मग पुढील कार्यक्रम. तिथी, वार, वेळ आणि जागा एका दृष्टिक्षेपात दिसतील असे. त्यानंतर एखादा लेख, पाककृती किंवा मुलांचे पान. मनोगत शेवटी असावे आणि दहा ओळींत आटपावे. अध्यक्षमहाराजांनी मला उदार मनाने क्षमा करावी.

पत्राच्या विषयाची ओळ हा तर वार्तापत्राचा उंबरठा. फोनच्या पडद्यावर तिची तीस-चाळीस अक्षरेच दिसतात. ‘मंडळाचे मासिक वार्तापत्र, जुलै’ ही ओळ दर महिन्याला सारखीच. तिच्यात वाचकासाठी काही नाही. ‘आषाढीचे भजन शनिवारी सहाला’ अशी ओळ असेल तर पत्र न उघडणाऱ्याचेही काम होते, आणि ज्याचे काम होते तो पुढच्या खेपेस उघडतो. प्रेषकाच्या जागी मात्र मंडळाचे नाव कायम एकच असावे. मुद्रा, नाव आणि पत्र येण्याचा दिवस ठरलेला ठेवावा. बाकी सर्व बदलावे. घराला नवी खिडकी पाडली तरी दारावरची पाटी आपण हलवत नाही.

भाषेविषयी बोलायला मन थोडे जड होते. आपल्यापैकी कित्येकांची मुले मराठी उत्तम बोलतात, पण देवनागरी हिंदीच्या पुस्तकापुरती वाचतात, काही तेवढीही वाचत नाहीत. त्यांना वगळून मंडळ आणखी पन्नास वर्षे चालेल काय? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापला. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा दोन वाचकांचा मान राखून झाला. फोनवर दोन रकाने मावत नाहीत. पण प्रत्येक मराठी मजकुराखाली तेथील भाषेत किंवा इंग्रजीत दोन ओळींचा सारांश देता येईल. मराठी वर, सारांश खाली. क्रम तेवढा सांभाळावा.

सण-उत्सवांचे काय, असे कोणी विचारील. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला एक परंपरा दिली. त्यातून घेण्याजोगा धडा असा की, नित्याचा अंक साधा असतो म्हणूनच सणाचा अंक खुलतो. बारा महिने श्रीखंड वाढले तर पाडव्याला काय वाढणार? रंग, चित्रे आणि कलाकुसर वर्षातून दोनदा, गणेशोत्सवाला आणि दिवाळीला, मनसोक्त करावी.

नवे रूप फळले की नाही, हे कसे ओळखावे? किती जणांनी पत्र उघडले याचे आकडे पाठवणारी यंत्रणा देते. पण २०२१ साली अ‍ॅपलने खाजगीपणा जपण्यासाठी पत्रातील चित्रे वाचकाच्या वतीने आधीच उतरवून ठेवण्याची सोय केली, आणि न उघडलेली पत्रेही उघडल्यासारखी मोजली जाऊ लागली. तेव्हा त्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. किती उत्तरे आली, कार्यक्रमास ‘वार्तापत्रात वाचून आलो’ म्हणणारे किती, हे मोजावे. तीनशे कुटुंबांच्या मंडळाने मोठ्या कंपन्यांप्रमाणे दोन नमुने पाठवून तुलना करण्यात अर्थ नाही. एवढ्या लहान संख्येत योगायोगच बोलतो. त्यापेक्षा दहा घरी दूरध्वनी करावा आणि विचारावे, ‘काका, शेवटचे काय वाचलेत? कोठे थांबलात?’

आणि जे सहा-सहा महिने मौन आहेत, त्यांना एक लहानसे, नावानिशी पत्र लिहावे : वार्तापत्र दरमहा हवे, की केवळ कार्यक्रमाची सूचना पुरे, की नकोच? जीमेल आणि याहूने २०२४ साली मोठ्या संख्येने जाहिरातवजा पत्रे धाडणाऱ्यांना एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय बंधनकारक केली. आपली संख्या तेवढी नाही. पण नकार देण्याची वाट खुली ठेवणे ही सभ्यता आहे, आणि तिला संख्येची अट नाही. शिवाय वाट सापडली नाही की मनुष्य चिडून आपल्या पत्रावर त्रासदायक असा शिक्का मारतो, आणि त्याची झळ इतरांच्या पत्रांना लागते.

बंधुभगिनींनो, दुरावलेला वाचक आरडाओरड करून परत येत नाही. आपली कोणी आठवण ठेवली आहे, हे पहिल्या दोन ओळींत दिसले तर तो येतो. पुढील अंक जुळवताना संपादक मंडळाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आज आपल्यापैकी कोणाच्या घरी काय घडले आहे, आणि ते इतरांना वेळेवर कळेल काय? या प्रश्नाच्या उत्तरातून जी मांडणी निघेल, ती आपल्या वार्तापत्राची उत्तम मांडणी ठरेल.