एक्सलचा सांधा आणि घरचे शहाणपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "एखादी पाककृती सांगा, नाहीतर घरात घडलेले काही सांगा." पाककृती आपण सर्वजणी माझ्यापेक्षा चांगल्या जाणता. म्हणून घरात घडलेलेच सांगते. विषय जरा वेगळा आहे. मोटारीच्या एक्सलचा सांधा झिजला, तर तो घरी बदलावा की मिस्त्रीकडे न्यावा? हसू नका! या प्रश्नावरून आमच्या घरी दोन दिवस चुलीवरचे दूध उतू गेले तरी कोणाचे लक्ष नव्हते.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा कोणाच्या घरात काय राहिले ते मी सांगावयास नको. आमचे किडूकमिडूक गेले. त्यानंतर कर्ज काढून एक लहानशी जुनी मोटार घेतली. माझे मसाले, कोकम आणि कुळथाचे पीठ त्या गाडीतून कुंभार्ली घाट चढून कराडला जाते. म्हणजे गाडी उभी राहिली की आमची चूल उभी राहिली, असे समजा.

२०२३ च्या मे महिन्यात मी यांच्याबरोबर कराडहून येत होते. घाटातल्या वळणावर पुढच्या चाकातून टक् टक् टक् असा आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावर आवाज बंद, वळण आले की पुन्हा सुरू. मी म्हटले, "अहो, हे काय वाजते?" हे म्हणाले, "खडा अडकला असेल." पण खडा काही नेमका वळणावरच वाजत नाही!

आमचा मुलगा आयटीआयमध्ये शिकतो. त्याने मोकळ्या मैदानात चाक पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरविली आणि म्हणाला, "आई, बाहेरचा सांधा गेला." मला समजावे म्हणून त्याने माझेच मनगट धरून दाखविले. पूर्वीच्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जाई. पुढच्या चाकांनी फक्त वळावयाचे. १९८३ साली मारुती आली, तिच्यात पुढचीच चाके ओढतात आणि पुढचीच वळतात. म्हणून तशा गाड्यांच्या एक्सलला मनगटासारखा सांधा लागतो, वळताना फिरता राहणारा. त्यात पोलादी गोळ्या असतात, भोवती ग्रीस असते आणि वर रबराचे घडीघडीचे टोपण असते. त्याला 'बूट' म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते आणि धूळपाणी आत जाते. मग गोळ्या आणि त्यांच्या खोबणी झिजतात आणि सांधा वाजू लागतो. एकदा वाजू लागला की नुसते ग्रीस भरून तो बरा होत नाही. आपल्या गुडघ्याचेही तसेच नाही का?

मिस्त्रींनी सामान आणि मजुरी मिळून छत्तीसशे रुपये सांगितले. त्यांत मजुरी नऊशे. झाले! यांनी हिशेब मांडला, "घरात शिकलेला मुलगा असताना नऊशे रुपये बाहेर का घालवावयाचे?" मुलालाही हुरूप आला. त्याने मोबाईलवर कोणी कोणी केलेले काम तीनदा पाहिले. मलाही वाटले, नऊशे म्हणजे महिन्याचा किराणा नाही, पण थोडे का आहेत?

रविवारी सकाळी अंगणात कामास सुरुवात झाली. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो. गाडी जमिनीवर असतानाच तो सैल करावा लागतो. पान्याला पाइप लावून मुलगा त्यावर उभा राहिला, मग हे उभे राहिले, पण नट हलेना. चहा झाल्यावर पुन्हा बघू, तोवर खालचे काम करू, म्हणून गाडी जॅकवर घेतली आणि चाक काढले. आमचे अंगण तांबड्या मातीचे. मुलगा आत मोठी पक्कड आणावयास आला आणि बाहेर धाडकन आवाज झाला. जॅक मातीत कलला होता. गाडी खाली बसली होती. पाच मिनिटांपूर्वी माझ्या मुलाचा हात तिथे होता.

भगिनींनो, मी कोणाला काही बोलले नाही. आत जाऊन देवापुढे दिवा लावला आणि बाहेर येऊन इतकेच म्हटले, "आज पुरे."

त्या रात्री हे आणि मुलगा दोघेही गप्प होते. मुलाचे तोंड एवढेसे झालेले. मला दोन्हीकडून टोचत होते. मुलाला 'तुला जमत नाही' म्हणावे तर तो कायमचा हिरमुसणार. 'कर' म्हणावे तर दुपारचा आवाज कानांतून जात नव्हता. मग मला आपल्या स्वयंपाकघराची आठवण झाली. कुकरचे रिंग आपण स्वतः बदलतो. पण गॅसचा रेग्युलेटर बिघडला तर तो खोलून दुरुस्त करीत बसतो का? दोन्ही वस्तू लहानच. फरक इतकाच, की पहिली चुकली तर भात कच्चा राहतो, दुसरी चुकली तर घर जाते. कामाची किंमत मजुरीवरून ठरवू नये, चूक झाली तर काय होईल यावरून ठरवावी.

सकाळी मी दोघांना विचारले, "तो मधला नट घट्ट करावयाचे ठरलेले माप असते ना? ते मोजणारा पाना आपल्याकडे आहे का?" नाही. "गाडी ज्यावर टेकवावयाची ते लोखंडी स्टँड आहेत का? खाली पक्की फरशी आहे का?" नाही. "एक्सल ओढल्यावर गिअरचे तेल सांडते म्हणता, ते पुन्हा भरावयास तेल आणले आहे का?" तेही नाही. "आणि नट सैल राहिला, किंवा चाकाखालचा बोल्ट नीट बसला नाही, तर ते कुठे कळणार?" यावर हे हळूच म्हणाले, "घाटात." मग बोलावयास काही उरलेच नाही.

मी स्वतः मिस्त्रींकडे गेले. म्हटले, "भाऊ, मजुरी पूर्ण घ्या. पण काम माझ्या मुलाच्या हातून करवून घ्या आणि तुम्ही समोर उभे राहा." ते आधी हसले, मग म्हणाले, "पाठवा वहिनी." आमच्याकडे दोन माणसांना न हललेला नट त्यांच्या लांब दांड्याने एका झटक्यात सुटला. नवा नट मापाने आवळून मिस्त्रींनी तो पुन्हा स्वतः तपासला. मुलगा संध्याकाळी काळेकुट्ट हात घेऊन आला आणि मला म्हणाला, "आई, आज कळले." नऊशे रुपयांत मुलाला एवढी शिकवणी कोठे मिळाली असती?

आता जे आपल्या हातचे आहे ते सांगते. ते मी स्वतः करते. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्याआधी नक्की, गाडी सपाटीवर बंद करून उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाक एका बाजूस पूर्ण वळवावे आणि मागून बूट पाहावा. गाडीखाली शिरावयाची गरज नाही. रबराला चीर आहे का, चाकाच्या आतल्या अंगाला काळे ग्रीस उडाले आहे का, एवढेच बघावे. मग दुसऱ्या बाजूचा पाहावा. गेल्या पावसाळ्याआधी मला डावीकडच्या बुटाला बारीक चीर दिसली. आवाज अजून नव्हता. बूट बदलावयासही एक्सल काढावा लागतो, मजुरी सुटत नाही. पण सांधा वाचला, आणि महाग तोच असतो. ते कामही मुलानेच केले, मिस्त्रींच्या जागेत, त्यांच्या हत्यारांनी.

ज्याच्याकडे पक्की जागा, पुरी हत्यारे आणि शिकलेला हात आहे, त्याने घरी खुशाल करावे. आमच्याकडे फक्त हौस होती. आपल्या घरातही असे प्रसंग येतील, मोटारीचे नसतील तर विजेचे असतील, छपराचे असतील. पुरुष मंडळी पैसे मोजत असतील तेव्हा आपण एक प्रश्न विचारावा: "चुकले तर काय होईल?" हा प्रश्न विचारावयास सातवीचे शिक्षणही लागत नाही.