कावीळ, पित्तमार्ग आणि मूत्रपिंडे
(सरपंच व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषण)



मी वैद्य नव्हे, माहिती खात्यातील एक सेवक आहे. तथापि शास्त्राने सिद्ध केलेली गोष्ट गावोगावी पोहोचविणे हे माझे कर्तव्यच आहे.

विदर्भातील ज्या जिल्ह्यांत सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यांत आपला गोंदिया जिल्हा आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि त्यांच्या रंगद्रव्यापासून पित्ताशयात खडे बनतात. असा खडा पित्तनलिकेत अडकला, की पित्ताची आतड्याकडे जाणारी वाट बंद होते व ते रक्तात उतरते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो आणि अंगाला खाज सुटते.

संकट येथेच थांबत नाही. आतड्यात पित्त न पोहोचल्याने तेथील जंतूंची विषे रक्तात शिरतात. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. रक्तात साचलेले पित्त त्यांच्या सूक्ष्म नलिकांना इजा करते आणि अडथळा लांबल्यास त्या नलिकांतच थिजून बसते. त्यात थंडी वाजून ताप आला, तर मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ शकतात. सिकलसेलच्या रुग्णाची मूत्रपिंडे तर शरीरातील पाणी राखण्यास मुळातच दुबळी असतात.

आपल्याकडे कावीळ उतरविण्यासाठी गळ्यात माळ घालतात. माळ लांबते ती काड्या सुकून गाठी सैल पडतात म्हणून. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते; श्रेय मात्र माळेला मिळते. अडकलेला खडा असा सहसा विरघळत नाही. माळ लांबत असते, तितके दिवस मूत्रपिंडे झिजत असतात.

उलटपक्षी, अडथळा वेळीच दूर झाला तर मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात. आज तोंडावाटे दुर्बीण घालून, पोट न फाडता खडा काढता येतो.

सिकलसेलच्या मुलाचे डोळे एरवीही किंचित पिवळे असतात. म्हणून घरच्यांचे दुर्लक्ष होते. शिक्षकांनी अशा मुलांच्या पालकांना शौचाचा व लघवीचा रंग पाहण्यास सांगावे. रंग बदलला, लघवी कमी झाली वा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. सरपंचांनी वाहनाची सोय करावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. पण रुग्णाला उंबरठ्याबाहेर आणण्याचे काम आपलेच आहे.