संघ आपला, मग दुकान कोणाचं?

चुलीपाशी भाकरी थापत ऐकणाऱ्या, बांधावर मोबाइल लावून खुरपणाऱ्या सगळ्या जणींना आमच्या गटांचा नमस्कार.

आज विषय जरा नाजूक आहे. घरचं भांडण चव्हाट्यावर आणू नये म्हणतात. पण हे भांडण उद्या तुमच्याही गावात होऊ शकतं, म्हणून बोलतोय. संघाचं नाव घेत नाही. त्यातल्या बायका आपल्याच आहेत.

आपली रचना तुम्हाला ठाऊकच आहे. दहा-बारा जणींचा गट, गावातल्या गटांचा ग्रामसंघ, आजूबाजूच्या गावांचा मिळून प्रभागसंघ. आपण संघ कशासाठी केला? एकट्या गटाला घाऊक भावात मिरची मिळत नाही, वसतिगृहाची ऑर्डर एकट्याला झेपत नाही, मोठं यंत्र परवडत नाही. चार हात एकत्र आले की हे जमतं. म्हणून आपण वर्षाची वर्गणी भरतो.

आमच्याकडचे चार गट काळा मसाला करतात. दोन वर्षांपूर्वी संघाला निधी मिळाला आणि मसाला कांडप यंत्र आलं. आम्हाला आनंद झाला. वाटलं, आता कांडपासाठी तालुक्याला जायला नको. यंत्राच्या पूजेला नारळही आम्हीच नेला.

तीन महिन्यांनी आठवडी बाजारात पाहतो तर आमच्या शेजारीच संघाचा स्टॉल! संघाचा स्वतःचा मसाला, स्वतःचं लेबल. आमचा पाव किलो १५० रुपयांना, त्यांचा १२५ला. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, तुमच्याच संघाचा आहे की, मग तुमचा महाग कसा?" काय सांगणार?

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. किलोला माल ४३० रुपये, कांडप ३०, पॅकिंग २०, बायकांची मजुरी ८०. झाले ५६०. विकायचा ६००ला. म्हणजे मजुरी सोडून हातात ४० रुपये. संघाचं काय? माल आणि पॅकिंग तेवढंच, ४५०. यंत्र निधीतून आलेलं. चालवणाऱ्या बाईचा पगार आमच्या वर्गणीतून. वीजबिल ऑफिसच्या खात्यावर. ५०० रुपये किलोनं विकूनही त्यांना परवडत होतं. म्हणजे आमच्याच पैशांवर आमच्यापेक्षा स्वस्त.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. कोणतं वसतिगृह किती माल घेतं, कोणत्या भावानं घेतं, ही माहिती आम्हीच विश्वासानं संघाला लिहून दिली होती. पुढची ऑर्डर संघानं परस्पर घेतली. आमच्यातल्या एका गटाचा मसाला तिथं बंद पडला. त्या बायका आता पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात.

आता आमची चूक सांगतो. "संघानं उत्पादन सुरू करावं" असा ठराव झाला होता, आणि त्यावर आमच्याही सह्या होत्या. चहा घेता घेता, न वाचता केलेल्या. इतिवृत्त वाचून दाखवा असं कोणी म्हटलंच नाही.

आम्ही संघ सोडला नाही. सह्या गोळा करून खास सभा मागितली. अध्यक्ष ताईंनी त्यांची अडचण मांडली. प्रकल्पाचा पैसा कायम येणार नाही, ऑफिस चालवायला उत्पन्न पाहिजे. खरं आहे ते. पण उत्पन्न मिळवायला सभासदाच्या ताटात हात घालायची गरज नव्हती.

दोन उदाहरणं पाहा. १९५९ साली मुंबईत गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत झालं. तिथं पीठ मळणं, पॅकिंग, विक्री संस्थेकडे. लाटणं बहिणींकडे, आपापल्या घरी. दुसरं, गुजरातेत आणंदला १९४६ साली खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला. गाई-म्हशी सभासदांच्या. दूध गोळा करणं, प्रक्रिया करणं, विकणं संघाकडे. दोन्हीकडे संघाचा धंदा वाढला की सभासदाचं काम वाढतं. आमच्याकडे संघाचा मसाला खपला की आमचा पडून राहायचा. फरक एवढाच, पण तोच सगळ्यात मोठा.

शेवटी काय ठरलं? यंत्र सगळ्या गटांसाठी, किलोमागे ठरलेलं कांडप घेऊन. संस्थांच्या ऑर्डरी आधी गटांना वाटायच्या, त्यावर संघानं ठरलेली टक्केवारी घ्यायची. मिरची-धणे एकत्र खरेदी करायचे. संघाला उत्पन्न सुटलं, आम्हाला माल स्वस्त पडला. सगळं मनासारखं झालं असं नाही. जत्रेत संघाचा स्टॉल अजून लागतो, त्यावर वाद चालू आहे. आणि बंद पडलेला गट अजून उभा राहिलेला नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या संघानं नवा धंदा काढायचं ठरवलं तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, हे काम आपला कोणता गट आधीच करतो का? करत असेल तर संघानं ते करू नये. त्या गटाला जे जमत नाही ते करावं. दोन, यात पैसा कोणाचा, आणि धंद्याचा हिशेब वर्गणीपासून वेगळा ठेवणार का? तीन, आपण दिलेली गिऱ्हाइकांची आणि भावाची माहिती कोण वापरणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि वाचून घ्या.

विचारणारी बाई संघाच्या विरोधात नसते. नियमित हिशेब ही आपल्या पंचसूत्रीतलीच गोष्ट आहे. गटाच्या वहीला जो नियम, तोच संघाच्या वहीला.

पुढच्या बैठकीला जाताना चष्मा बरोबर न्या. आणि चहा सही झाल्यावर घ्या. नमस्कार.