अभ्यंग आणि स्नेह



संस्कृतात 'स्नेह' या एकाच शब्दाचे तेल व प्रेम असे दोन्ही अर्थ होतात. अभ्यंगाचे सारे मर्म, आमच्या मते, याच शब्दात साठविले आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त नित्य अभ्यंग सांगितला असून मस्तक, कान व पाय यांना तेल विशेषेकरून लावावे, असे म्हटले आहे. या आरोग्यविधीस धर्माने मांगल्याची जोड दिली. वर्षप्रतिपदा, नरकचतुर्दशी व बलिप्रतिपदा या दिवशी अभ्यंगस्नान विहित आहे. त्यांपैकी नरकचतुर्दशीचे स्नान सूर्योदयापूर्वी, अंगास तेल व उटणे लावून करावयाचे असते.

लग्नातील तेलवण हाही याच कुळातील विधी. मात्र तेथे तेल-हळद लावणारा हात सुवासिनीचाच हवा, अशी रूढी पडली. ज्या मातेने तान्हेपणी लेकराची टाळू भरली, तीच विधवा झाल्यास त्याच्या तेलवणाच्या वेळी दूर बसते. तेल राहिले; स्नेह कोठे गेला?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींसही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. एका गावास जे साधले, ते आपल्या ज्ञातीस अवघड नाही. येत्या लग्नसराईत अशा मातेस सन्मानाने पुढे बोलवावे आणि तेलाचे पहिले बोट तिचेच लागावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.