माठ घ्यावा वाजवून, फोन घ्यावा वाचून

(सायंकाळच्या वाचनवर्गातील भाषण)



माठ घ्यायला आपण बाजारात जातो, तेव्हा काय करतो? बोटाने टिचकी मारून पाहतो. बद्द वाजला की बाजूला ठेवतो. खणखणीत वाजला तर घेतो. बैल घ्यायचा तर दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. साडी घ्यायची तर पदर उलगडतो, रंग जाईल का ते विचारतो. दोनशे रुपयांच्या माठाला एवढी पारख! आणि वीस, तीस, चाळीस हजारांचा फोन कसा घेतो? दुकानदार म्हणतो, "बघा तरी, किती पातळ आहे! हातात धरा." आपण हातात धरतो, खूश होतो आणि पैसे मोजतो.

आज मला या सडपातळ फोनविषयी बोलायचे आहे. फोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०१६ साली आपल्या देशात यूपीआय सुरू झाले. तेव्हापासून भाजीचे पैसे, रिक्षाचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, सारे फोनवरून जाऊ लागले. मुलांच्या शाळेचे निरोप फोनवर येतात. गॅसचा नंबर फोनवर लागतो. म्हणजे फोन ही पैशाची पिशवी झाली आणि घराची किल्लीही झाली. तो निवडताना चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. रोजचे काम अडते.

माठाची परीक्षा कानाने होते. फोनची परीक्षा वाचून होते. आणि वाचायला तर आपण शिकलोच आहोत. मग डब्यावरचे आकडे दुकानदाराने का वाचून दाखवावेत? आपणच वाचू या.

जाडी आणि वजन

उदाहरणाला एक फोन घेऊ. सॅमसंग कंपनीचा गॅलेक्सी ए-५६. हा अँड्रॉइड फोन २०२५ साली बाजारात आला. ना फार स्वस्त, ना फार महाग, असा मधल्या किमतीचा. आला तेव्हा त्याची सर्वांत कमी किंमत ४१,९९९ रुपये होती. मी त्याची जाहिरात करीत नाही आणि निंदाही करीत नाही. माठ वाजवतात तसा आपण तो वाजवून पाहू.

हा फोन ७.४ मिलिमीटर जाड आहे. वजन १९८ ग्रॅम. त्याच्या आधीचा, २०२४ सालचा ए-५५ होता ८.२ मिलिमीटर आणि २१३ ग्रॅम. म्हणजे जाडी किती घटली? ०.८ मिलिमीटर. वहीची आठ-दहा पाने एकावर एक ठेवा, तेवढी. वजन किती घटले? १५ ग्रॅम. म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर.

याचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. अंथरुणावर पडून नातवंडांशी व्हिडिओवर बोलताना हात कमी भरून येतो. सदऱ्याचा खिसा ओढला जात नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, तो या जाडीत धरलेला नसतो. आणि हा फोन पुढून काच, मागून काच असा आहे. पडला तर काय होईल, ही धास्ती. म्हणून आपण घरी जाताजाताच कव्हर घालतो. झाले! कंपनीने जी जाडी काढली, ती कव्हराने परत आणली.

बॅटरी

पातळ फोन पाहिला की पहिला प्रश्न विचारावा, "पोट केवढे आहे?" फोनचे पोट म्हणजे बॅटरी. ती मिलीअँपिअर-तास या मापात मोजतात. डब्यावर हा आकडा असतो.

काही फोन पातळ होतात ते पोट मारून. सॅमसंगचाच गॅलेक्सी एस-२५ एज हा महागडा फोन २०२५ साली आला. जाडी फक्त ५.८ मिलिमीटर. पण बॅटरी ३,९०० ची. आपल्या ए-५६ ची बॅटरी ५,००० ची आहे, आणि जाड्या ए-५५ चीही ५,००० चीच होती. म्हणजे येथे पातळपणा पोट मारून आलेला नाही. ही गोष्ट या फोनच्या बाजूने लिहून ठेवा.

पण बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. सायकलचा टायर झिजतो तशी. दोन-तीन वर्षांनी ती पूर्वीइतका वेळ टिकत नाही. उन्हात आणि चुलीजवळ ठेवली तर आणखी लवकर खराब होते. पूर्वी फोनचे पाठचे झाकण नखाने निघे आणि बॅटरी घरीच बदलता येई. आता फोन चिकटवून बंद केलेला असतो. तेव्हा विकत घेण्याआधीच विचारावे, "बॅटरी बदलायला किती पडेल? पडद्याची काच फुटली तर किती? दुरुस्तीचे अधिकृत केंद्र आपल्या गावापासून किती लांब?" पन्नास मैल लांब असेल तर भाडे आणि बुडालेली मजुरीही हिशेबात धरा.

आणखी एक. या फोनच्या डब्यात वायर आहे, चार्जर नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. घरचा जुना चार्जर चालेल, पण फोन सावकाश भरेल.

ओटा आणि कोठी

डब्यावर लिहिलेले असते, ८ जीबी आणि १२८ जीबी. पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. पहिला आकडा हा ओटा. ओटा मोठा असेल तर चार कामे एकदम चालतात. त्याला रॅम म्हणतात. दुसरा आकडा ही धान्याची कोठी. त्यात फोटो, व्हिडिओ, गाणी आणि अ‍ॅप राहतात.

काही जाहिरातींत "८ अधिक ८ जीबी रॅम" असे छापतात. त्याला भुलू नका. त्यातले दुसरे ८ म्हणजे कोठीतली जागा उसनी घेऊन केलेला ओटा. खऱ्या ओट्यासारखा तो चपळ नसतो.

कोठीची गोष्ट त्याहून महत्त्वाची. १२८ जीबीतली बरीच जागा फोनची स्वतःची यंत्रणाच खाते. उरलेल्यात आपले बिऱ्हाड. जुन्या ए-५५ मध्ये मेमरी कार्ड घालायला जागा होती. कोठी भरली की कार्ड घालून वाढवता येई. ए-५६ मध्ये ती जागा नाही. रोज सकाळी फुलांची चित्रे येतात, लग्नाचे व्हिडिओ येतात, आणि एक दिवस फोन म्हणतो, जागा संपली! ज्याला फोटो पुसायला जीवावर येते, त्याने २५६ जीबीचा तरी घ्यावा, नाहीतर कार्ड बसेल असा दुसरा फोन पाहावा. जुन्या वायरच्या हेडफोनचे भोकही या फोनला नाही. रोज भजने ऐकणाऱ्याने हे आधी पाहावे.

कुलपाची डागडुजी

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. दुकानदार ती सहसा सांगत नाही, कारण ती हातात धरून दाखवता येत नाही.

फोनला आतून कुलूप असते. चोर रोज नव्या किल्ल्या करतात. म्हणून कंपनीला कुलपाची डागडुजी चालू ठेवावी लागते. ती इंटरनेटवरून फोनमध्ये येते. तिला सुरक्षा अपडेट म्हणतात. ती बंद झाली तरी फोन चालतो, दिसायला तसाच दिसतो. पण कुलूप जुने होते. आणि आत तर आपली बँक!

ए-५६ ला सहा वर्षे ही डागडुजी मिळेल, असे कंपनीने सांगितले आहे. म्हणजे २०३१ पर्यंत. मधल्या किमतीच्या फोनला एवढी मुदत पुष्कळ म्हणावी. पण नीट ऐका. ही वर्षे फोन बाजारात आला तेथून मोजतात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. तोच फोन कोणी २०२८ साली "स्वस्तात मिळाला" म्हणून घेतला, तर त्याच्या वाट्याला तीनच वर्षे येतील. डबा नवा, पण आयुष्य अर्धे. म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारा, "हा फोन कोणत्या साली आला? अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळेल?"

दुकानात काय करावे

दाखवायला ठेवलेला फोन हातात घ्या. दुकानाच्या दाराशी उन्हात या आणि पडदा वाचता येतो का ते पहा. अक्षर मोठे करून पहा. अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का? ए-५६ पातळ असला तरी त्याचा पडदा ६.७ इंचांचा आहे. लहान हाताला तो एका हाती झेपत नाही. कोणालातरी फोन लावून आवाज ऐका. कॅमेऱ्याचे मोठमोठे आकडे सोडा. जरा अंधाऱ्या कोपऱ्यात एखाद्या बिलाचा फोटो काढा आणि मोठा करून अक्षरे वाचा. वाचता आली, तर आपल्या कामाचा कॅमेरा.

पाण्याचेही वाचा. ए-५६ वर आयपी-६७ अशी खूण आहे. गोड्या पाण्यात एक मीटर खोल, अर्धा तास, एवढीच तिची परीक्षा. साबणाचे किंवा समुद्राचे पाणी त्यात येत नाही.

पैसे देण्यापूर्वी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक दिसेल. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पहा. इंग्रजीत के, वाय, एम ही अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर हाच क्रमांक देऊन तो बंद पाडता येतो. म्हणून हा क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा.

हिशेब

शेवटी हिशेब. ४१,९९९ रुपयांचा फोन सहा वर्षे वापरला, तर वर्षाला सात हजार पडले. दिवसाला साधारण एकोणीस रुपये. तीनच वर्षांत टाकला, तर दिवसाला अडतीस. म्हणजे फोन महाग की स्वस्त, हे आपण तो किती दिवस नांदवतो यावरही ठरते. हप्त्याने घेणार असाल तर सगळ्या हप्त्यांची बेरीज स्वतः करा. "बिनव्याजी" या शब्दाखालची बारीक अक्षरे वाचा.

मग हा फोन कोणी घ्यावा? ज्याचे दिवसभराचे काम फोनवर चालते आणि जो तो पाच-सहा वर्षे जपून वापरील, त्याने खुशाल घ्यावा. ज्याला बोलणे, पैसे पाठवणे आणि मुलांना पाहणे एवढेच काम आहे, त्याचे काम निम्म्या किमतीच्या फोनवरही भागेल. उरलेले पैसे घरात लागतात. आणि केवळ पातळ आहे म्हणून तर कोणीच घेऊ नये. पातळपणा चार दिवस डोळ्यांना दिसतो. बॅटरी, कोठी आणि कुलूप यांच्याशी मात्र रोज गाठ असते.

बंधूंनो, भगिनींनो, दुकानदार आपला वैरी नाही. त्याचे काम विकणे, आपले काम पारखणे. शिकलेले अक्षर पाटीवरच ठेवू नका, दुकानातही घेऊन जा. डबा हातात घ्या, चष्मा लावा आणि सावकाश वाचा. कोणी घाई केली तर म्हणा, "थांबा जरा. मी वाचतो आहे."

सांगा पाहू

१. तुमच्या फोनची बॅटरी किती आकड्याची आहे?
२. ओटा आणि कोठी यांत फरक काय?
३. तुमच्या फोनला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळेल? सेटिंग्ज उघडून शेवटचे अपडेट कधी आले ते शोधा आणि वहीत लिहा.