सरांनी हुंगवलेला कांदा
(स्नेहसंमेलनातील मनोगत)



नववीतली 1500 मीटरची शर्यत आठवते? शेवटच्या फेरीत मी मैदानावर आडवा झालो होतो. सरांनी कांदा हुंगवला, बाईंनी लिंबूसरबत दिलं. ‘सकाळी काही खाऊन येत नाही’ असं ठरलं. आईलाही ते पटलं, मलाही.

मग तीसेक वर्षं मी पळणंच टाळलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी लोकलसाठी जिना धावत चढलो, छातीत कळ आली आणि डोळ्यांपुढे अंधारी. ईसीजी चांगला, कोलेस्टेरॉल चांगलं. ॲसिडिटी म्हणून घरी निघालो होतो. पण डॉक्टरबाई ‘धावतानाच’ या शब्दापाशी अडल्या. शाळेतली चक्कर मी त्यांना तेव्हा सांगितली.

सीटी अँजिओग्राफीत उलगडा झाला. हृदयाला रक्त देणारी माझी डावी करोनरी जन्मापासूनच उजव्या बाजूने निघालेली. तिथून ती महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या बेचक्यातून डावीकडे जायची, सुरुवातीला तर महाधमनीच्या भिंतीतूनच. तोंड गोल नाही, चिरेसारखं. बसलेल्या माणसाला एवढं पुरतं. धावलं की नेमकं हवं तेव्हा रक्त कमी पडतं.

उजवी करोनरी अशी डावीकडून निघाली असती, त्रास नसता आणि ताणचाचणीत रक्तपुरवठा पुरेसा दिसला असता, तर नुसतं लक्ष ठेवूनही भागलं असतं. डावीच्या बाबतीत डॉक्टर थांबायला तयार नव्हते. ‘स्टेंट टाका ना,’ मी म्हणालो. (छाती उघडायची भीती, दुसरं काय!) पण इथे चरबीचा अडथळा नव्हता, वाटच चुकीची होती. शस्त्रक्रियेत भिंतीतल्या भागावरचा पडदा कापून तोंड रुंद केलं. काही महिने जड उचलायचं नाही, मग पुन्हा ट्रेडमिलवर चाचणी. दोन्ही मुलांचीही इको करून घेतली; ती व्यवस्थित आहे.

आपण दहावीत होतो त्या जानेवारीत, 1988 साली, पीट मॅराविच हा अमेरिकन बास्केटबॉलपटू खेळता खेळता कोसळून गेला, चाळिसाव्या वर्षी. त्याला डावी करोनरी नव्हतीच, हे शवविच्छेदनात कळलं. दहा वर्षं व्यावसायिक खेळला होता तो! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सर समोर बसलेत. सर, तुमच्या कांद्याने मी शुद्धीवर आलो होतो, हे खरं आहे. आणि दुपारच्या मॅचमध्ये मला अंपायर करू नका. ट्रेडमिलचा रिपोर्ट खिशात आहे.