डिफेंडरच्या स्मृतिचिपा
शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या ‘डिफेंडर’ या, नाणे टाकून खेळावयाच्या यंत्राच्या पडद्यावर आज चित्राऐवजी निरर्थक ठिपके उमटू लागले, तर संशयितांत त्याच्या २४ स्मृतिचिपा अग्रभागी असाव्यात. ४११६ क्रमांकाच्या या चिपांना अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट असे तीन विद्युतदाब लागतात. त्यांतील उणे ५ चा पुरवठा खंडित झाला, की त्या निकामी होऊ लागतात. उत्पादन केव्हाच बंद पडल्यामुळे दुरुस्ती करणारास जुन्या शिलकी मालावर भिस्त ठेवावी लागते, आणि जुना छाप खरवडून नवा मारलेल्या मालाशीही त्याची गाठ पडते. त्यापेक्षा केवळ ५ व्होल्टवर चालणारी ४१६४ चिप बरी. मात्र आठव्या पायाचे १२ व्होल्ट तोडून तेथे ५ व्होल्ट आल्याची खातरजमा केल्यावाचून ती बसवू नये.